छप्पर जड असावे की हलके?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे झोपी गेली होती. चार वाजण्यास काही मिनिटे असताना जमीन हादरली आणि अवघ्या काही सेकंदांत त्या गावांवर त्यांच्याच घरांची माळवदे कोसळली. किल्लारीच्या त्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसांचे बळी घेतले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घडले ते नेमके उलटे. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत छपरे खाली कोसळण्याऐवजी वर उडाली. पत्रे नारळी-पोफळीच्या बागांत जाऊन पडले, कौलांचा चुरा झाला आणि उघड्या पडलेल्या घरांत पुढचा पाऊस सरळ आत आला. मराठवाड्यात छपराच्या वजनाने माणसे मारली; कोकणात छपराच्या हलकेपणाने संसार उघड्यावर आणले.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक साधा प्रश्न उभा राहतो. घराचे छप्पर जड असावे की हलके? भूकंपाचा अभ्यासक सांगेल, हलके. वादळाचा अभ्यासक सांगेल, जड. मराठवाड्याच्या वैशाखात दिवस काढणारा शेतकरी म्हणेल, जड-हलके राहू द्या, ते जाड असले म्हणजे झाले. आणि २२ जुलै २०२१ चा पूर अनुभवलेला चिपळूणकर म्हणेल की, छपराचे मागाहून पाहू, आधी जोते उंच करा. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे आणि प्रत्येकाचे अपुरे आहे. आपत्तींची वाटणी निरनिराळ्या खात्यांत, निरनिराळ्या तज्ज्ञांत आणि निरनिराळ्या अनुदानांत झालेली आहे. घर मात्र एकच असते आणि त्याला या सर्वांना एकट्याने तोंड द्यावयाचे असते. बांधकामाचा विचार या दृष्टीने करण्याची सवय आपल्याकडे अद्याप लागलेली नाही, आणि ती न लागण्याची कारणे जितकी तांत्रिक आहेत त्याहून अधिक आर्थिक आहेत.

पूर्वजांचा हिशेब

किल्लारीच्या परिसरातील जुन्या घरांना आज नावे ठेवणे सोपे आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरावयाची, गळती बुजवावयाची, हा दरवर्षीचा क्रम होता. वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेला. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला आठशे किलोंच्या आसपास भरते. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. जितके ओझे अधिक, तितका धक्का मोठा. त्यातच भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर वेगळे रचलेले आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. भिंती फुगल्या, फाकल्या आणि ढासळल्या. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भोवतालच्या भिंती मात्र ढिगारा होऊन पडल्या, हे त्या वेळी पाहणी करणाऱ्यांनी नमूद केलेले आहे.

तथापि ज्यांनी ही घरे उभारली ते अडाणी नव्हते. त्यांच्या हिशेबात दरवर्षी भेटणारे शत्रू होते: ऊन, थंडी, चोर आणि पैशाची चणचण. दगड आणि माती गावात फुकट मिळत. जाड माळवदाखाली ऐन उन्हाळ्यातही निवांत झोप लागे. पिढ्यान् पिढ्या न आलेला भूकंप त्या हिशेबात नव्हता. तो शास्त्रज्ञांच्या हिशेबातही फारसा नव्हता. १९९३ मध्ये देशाच्या भूकंप-नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगविलेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनचे पठार अचल असल्याच्या समजुतीला तडा दिला होता. परंतु त्यातून घेतलेला धडा मुख्यतः कोयना परिसरापुरता राहिला. १९९२ मध्ये किल्लारीच्या आसपास धक्के जाणवले होते, तरीही घरे होती तशीच राहिली. २००२ मध्ये नकाशातला पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. नकाशा सुधारला, परंतु त्यासाठी मोजावी लागलेली किंमत भयंकर होती.

कोकणातील हिशेब निराळा. तेथे मुख्य पाहुणा पाऊस. म्हणून जांभ्याचे चिरे, उतरते छप्पर, खाली पडवी, वर कौले. कौले फुटली तर दोन-चार बदलून काम भागे. पुढे मुंबईच्या पैशावर स्लॅबची घरे आली. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत, निकृष्ट काँक्रीटमधील सळया गंजू लागल्या, स्लॅब गळू लागला, आणि त्यावर उपाय म्हणून लोखंडी खांब उभारून स्लॅबच्या वर पत्र्याची शेड आली. हे दृश्य आज कोकणच्या कोणत्याही गावात दिसते. एका रोगावर केलेली ती मलमपट्टीच वादळाच्या तोंडी सापडते. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलोंचा दाब निर्माण करतो. छपराच्या कडा आणि कोपरे येथे ओढ त्याहूनही अधिक असते. पत्र्याचे स्वतःचे वजन असते पाच-सहा किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन-चार हुकांवर भरवसा ठेवणे किती धाडसाचे आहे ते समजते.

एका संकटावरचा उपाय, दुसऱ्याला आमंत्रण

एकाच संकटाकडे पाहून केलेला उपाय दुसऱ्या संकटाला दार उघडून देतो, याची उदाहरणे जगभर आहेत. जपानमधील जुन्या लाकडी घरांवर तुफानाला दाद देऊ नये म्हणून जड कौले मातीत बसविलेली असत. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेचा भूकंप झाला तेव्हा वादळापासून राखणारे तेच वजन घरांच्या मुळावर आले. त्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथील अणुभट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. परंतु त्यानंतर आलेल्या त्सुनामीचे पाणी तळघरांत शिरले आणि तेथे बसविलेली जनित्रे निकामी झाली. भूकंपाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले यंत्र पाण्याच्या परीक्षेत नापास झाले, आणि निसर्गाच्या परीक्षेत एका विषयात नापास म्हणजे सर्वच विषयांत नापास!

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आहे. पुराचे पाणी खालून वाहून जावे किंवा वाहने उभी करता यावीत म्हणून इमारत नुसत्या खांबांवर उभी करावयाची, ही पद्धत शहरांत सर्वत्र रूढ झाली. पुराच्या दृष्टीने ती योग्यच. परंतु वरच्या मजल्यांत भिंतींचे बळ आणि खाली मोकळे खांब, अशा इमारतीचा भूकंपात गुडघाच मोडतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या परिसरात भूकंप झाला आणि तेथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतील अशा अनेक बहुमजली इमारती बसल्या. उलट, त्याच कच्छमधील ‘भुंगा’ नावाच्या गोल, जाड भिंतीच्या आणि हलक्या गवती छपराच्या झोपड्या बऱ्याच अंशी टिकल्या. गोल आकारामुळे वाऱ्याला आणि हादऱ्याला धरावयास कोपराच मिळत नाही. कच्छच्या माणसाला दोन्ही शत्रू परिचित होते, म्हणून त्याच्या घराने दोघांचा विचार केला होता.

किल्लारीनंतरचे पुनर्वसन हेही या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या त्या प्रचंड कामात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि इतर गावांतील दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती व मजबुती करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. भूकंपाच्या दृष्टीने नवी घरे भक्कम होती, हे त्या योजनेचे यश निःसंशय मान्य केले पाहिजे. परंतु सरळ रेषेत आखलेल्या त्या वसाहतींत उन्हाळा जाचक ठरू लागला. गुरे, धान्य, औत-अवजारे यांना जागा अपुरी पडली. लोकांनी आपल्या सोयीने खोल्या वाढविल्या, आणि त्या वाढविताना पुष्कळ ठिकाणी जुनाच दगड जुन्याच पद्धतीने रचला. भूकंपाला पुरे पडणारे घर उन्हाला आणि संसाराला अपुरे पडले, की मालक ते स्वतःच असुरक्षित करून टाकतो. राहणाऱ्याच्या रोजच्या गरजा हादेखील एक ‘भार’ आहे; तो आराखड्यात धरला नाही तर तो भिंतीवर येतोच.

‘बांधणे’ या शब्दाचा अर्थ

मग जड आणि हलके यांचा हा तंटा सुटावयाचा कसा? त्याचे उत्तर एका अर्थी मराठी भाषेतच दडलेले आहे. मराठी माणूस घर ‘बांधतो’. मोट बांधावी, भारा बांधावा, तसे घर बांधावे. भूकंप असो, वादळ असो वा पूर असो, घराचा पराभव होतो तो त्याचे अवयव एकमेकांपासून सुटल्यामुळे. छप्पर भिंतीपासून सुटते, भिंत भिंतीपासून कोपऱ्यात सुटते, भिंत जोत्यापासून सुटते. ही सुटका थांबविली तर छप्पर हलके ठेवूनही ते उडत नाही आणि भिंत हादरूनही माणसावर पडत नाही. अर्थात् वजनाऐवजी बांधणीवर विसंबणे, हा या वादाचा निकाल आहे.

यासाठी लागणारी साधने दुर्मिळ नाहीत. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी सर्व भिंतींवरून सलग फिरणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा; तसाच एक जोत्याशी आणि एक छपराशी; कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत जाणारी उभी सळई; दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड; कैच्या आणि वासे यांना भिंतीवरील पट्ट्याशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या; पत्र्याच्या कडेला नेहमीपेक्षा जवळ जवळ बोल्ट. खांबातील रिंगांची टोके आत वळवून नीट अडकविणे, ही गोष्ट तर पैशाचीही नाही, केवळ गवंड्याच्या आणि लोहाराच्या सवयीची आहे. भारतीय मानक संस्थेने भूकंपाविषयीचे पहिले मानक १९६२ मध्येच प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये तर माती आणि दगड यांच्या साध्या घरांसाठीही मार्गदर्शक मानके निघाली. खांबांवर उभी इमारत हवीच असेल तर तळमजल्यावर काही सलग काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार देऊन तिचा गुडघा बळकट करता येतो. ज्ञानाची उणीव येथे नाही.

येथेच टिकाऊपणाचाही विचार केला पाहिजे. अलीकडे पर्यावरणपूरक इमारतींचा बराच बोलबाला आहे. वीज किती वाचते, पाणी किती जिरते यांचे गुणांकन होते. ते आवश्यकच आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे असे मानले जाते, तेव्हा सिमेंट जपून वापरावे हेही बरोबर. परंतु वीस वर्षांत जी इमारत पाडावी लागते किंवा एका वादळात जिचा ढिगारा होतो, तिच्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही. कारण तीच वीट, तेच सिमेंट आणि तेच पाणी पुन्हा एकदा खर्ची पडते. याच्या उलट चुकीपासूनही सावध राहावयास हवे. भक्कमपणाच्या नावाखाली सर्वत्र काँक्रीटच ओतणे हा उपाय नव्हे. मातीच्या विटा, जांभ्याचा चिरा, लाकूड, चुना ही साधने योग्य बांधणीने सुरक्षित होऊ शकतात. स्लॅबच्या खालच्या भागात जुनी कौले घालून काँक्रीटचा खर्च आणि वजन दोन्ही कमी करण्याची पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली. तिने खोलीतील उकाडाही कमी होतो. एकाच युक्तीने पैसा, वजन आणि उष्णता या तिन्ही बाबतींत लाभ होत असेल, तर तिला सरकारी अंदाजपत्रकात मानाचे स्थान मिळावयास हवे.

शक्यतेचे गणित

‘असा पूर पन्नास वर्षांतून एकदा येतो’ हे वाक्य ऐकले की सामान्य माणूस निर्धास्त होतो. त्याला वाटते, नुकताच आला आहे, आता पन्नास वर्षे चिंता नाही. गणित मात्र तसे सांगत नाही. अशा पुराची शक्यता दर वर्षी दोन टक्के असते, मग आदल्या वर्षी तो आलेला असो वा नसो. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढून घर घेणाऱ्या कारकुनाचा विचार करू. कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के भरते. त्याच ठिकाणी तितक्याच दुर्मिळ, परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या आणखी दोन आपत्तींचा धोका असेल, तर तिन्हींपैकी एखादी तरी येण्याची शक्यता ७० टक्के होते. पन्नास वर्षे उभी राहावी अशी अपेक्षा असलेल्या शाळेच्या इमारतीसाठी हेच आकडे ६४ आणि ९५ टक्के असे येतात.

हा हिशेब अर्थात् उदाहरणादाखल आहे; प्रत्यक्षात प्रत्येक गावाचा धोका निराळा, आणि एक वादळ आपल्याबरोबर वारा, पाऊस, पूर आणि दरड असा सारा परिवार घेऊन येऊ शकते. परंतु त्यातील तात्पर्य बदलत नाही. एकेक आपत्ती सुटी पाहिली तर ती दुर्मिळ वाटते. सर्वांचा एकत्र विचार केला तर कोणती ना कोणती आपत्ती जवळजवळ निश्चित आहे. वेगवेगळ्या चौकटींत विचार करण्याची सवय धोका नेहमी कमी दाखविते.

आता खर्चाकडे पाहू. नवे घर बांधतानाच वरील काळजी घेतली तर खर्चात पडणारी भर साधारणपणे काही टक्क्यांचीच असते. जुन्या घराला मागाहून बळकटी आणावयाची तर मात्र ती कितीतरी महाग पडते. वीस लाखांच्या घरावर पाच टक्के भर धरली तरी ती एक लाख रुपये होते. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या हप्त्यांत तिची विभागणी केली तर महिन्याला सुमारे नऊशे रुपये पडतात. नोकरदाराच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही. परंतु आयुष्याची पुंजी आणि घरातील माणसे यांच्या संरक्षणाचा तो हप्ता आहे, हे लक्षात घेता ती जबरही नाही. मग हा सौदा होत का नाही?

न दिसणारी सळई

याचे पहिले कारण असे की, ग्राहकाला माल दिसत नाही. प्राध्यापक, शिक्षक, कारकून भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून सदनिका घेतो तेव्हा तो फरशी पाहतो, नळ फिरवून पाहतो, खिडकीतून दिसणारे दृश्य पाहतो. खांबात किती सळया आहेत, रिंगा किती अंतरावर आहेत, काँक्रीटवर पाणी किती दिवस मारले, हे त्याला पाहता येत नाही आणि पाहता आले तरी समजत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात चांगला माल वाईट मालाच्या किमतीला विकावा लागतो आणि हळूहळू चांगला माल बाजारातून हद्दपार होतो, हे अर्थशास्त्रातील जुने निरीक्षण आहे. फरशी चकचकीत करणाऱ्याला जादा दर मिळतो. रिंगांची टोके वळविणाऱ्याला कोणी विचारीत नाही. जेथे ग्राहक पारख करू शकत नाही तेथे ती पारख समाजाने, म्हणजे नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने आणि कर्ज देणाऱ्या बँकेने करावयाची असते. परंतु तपासणी जर केवळ कागदांची होत असेल तर खांब कागदावरच मजबूत राहतात.

दुसरे कारण सार्वजनिक पैशाच्या स्वभावात आहे. कमीत कमी निविदेला काम देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसाची किंमत पाहिली जाते. पन्नास वर्षांत देखभाल, दुरुस्ती आणि नुकसान यांवर होणारा खर्च कोणीच मोजीत नाही, कारण तो दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या खात्याच्या आणि बहुधा दुसऱ्या मंत्र्याच्या माथी पडतो. त्यातच न कोसळलेल्या पुलाचे उद्घाटन कोणी करीत नाही. आपत्तीनंतर वाटलेल्या धनादेशाची बातमी होते; आपत्तीपूर्वी बांधलेल्या गटाराची होत नाही. परिणामी मदतीसाठी तिजोरी उघडते आणि प्रतिबंधासाठी ती किलकिली होते. मदत मिळणारच या भरवशावर मग घरमालकही काळजी घेण्याचे टाळतो.

हे चक्र मोडता येते, याचा दाखला ओडिशाने दिलेला आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर किनाऱ्यावर आश्रय-इमारती उभारल्या गेल्या, इशाऱ्याची यंत्रणा सुधारली, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. २०१९ च्या ‘फनी’ वादळात दहा लाखांहून अधिक लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या ६४ वर राहिली. विशेष म्हणजे यांतील अनेक इमारतींत एरवी शाळा भरते, सभा होतात. वर्षभर वापरात असल्यामुळे त्यांची देखभाल होते. कुलूपबंद इमारत ऐन वेळी किल्ली शोधण्यातच निकामी ठरली असती. तथापि ‘फनी’त लाखो घरांची पडझड झालीच. जीव वाचविणे ही पहिली पायरी. संसार वाचविणे ही दुसरी, आणि ती घरांच्या बांधणीतूनच चढावी लागते.

पूल, मोऱ्या आणि डोंगर

जे घराचे तेच रस्त्याचे आणि पुलाचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतील माणसे गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणले तर काम किती वेगाने होते, याचे ते उत्तम उदाहरण. आणि मनात येण्यासाठी काय घडावे लागते, याचेही. रस्त्याचा भराव उंच केला की रस्ता पुरापासून वाचतो, परंतु त्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या असतील तर तोच भराव धरणासारखा पाणी अडवून मागच्या गावाला बुडवितो. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पाय कापला की पहिल्या मोठ्या पावसात डोंगर खाली येतो. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) ही नावे उच्चारली तरी पुरे. या प्रत्येक दुर्घटनेची कारणे एकच नव्हती. परंतु डोंगरउतारावरील वस्तीला पाण्याचा निचरा आणि जमिनीचा स्वभाव यांची तपासणी किती निकडीची आहे, हे तिन्ही ठिकाणी सारख्याच निष्ठुरपणे सिद्ध झाले.

येथे कोकण रेल्वेचा अनुभव बोलका आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गस्त वाढविणे यांबरोबर गाड्यांचा वेग कमी ठेवणारे पावसाळी वेळापत्रकही कसोशीने पाळले जाऊ लागले. प्रवाशांना तासा-दोन तासांचा उशीर सोसावा लागतो. त्या बदल्यात जिवाची शाश्वती वाढते. सर्व सुरक्षितता काँक्रीटमध्ये ओतता येत नाही. काही भाग वागणुकीत आणि वेळापत्रकातही ठेवावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

शाळेपासून सुरुवात

सर्व घरे एका दिवसात सुधारणार नाहीत, हे उघड आहे. मग सुरुवात कोठून करावी? उत्तर कठीण नाही. ज्या इमारतीत दिवसा सर्वांत अधिक मुले असतात आणि संकटाच्या रात्री सारे गाव ज्या इमारतीकडे धावते, तेथून. गावची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची तपासणी सर्व आपत्तींच्या दृष्टीने एकाच वेळी व्हावी. पुरासाठी एक समिती, भूकंपासाठी दुसरी असे नव्हे. रुग्णालयाचे जनित्र तळमजल्यावर आहे की पुराच्या रेषेच्या वर, शाळेच्या छपराचे बोल्ट गंजले आहेत काय, दाराच्या माथ्याशी पट्टा आहे की नाही, मागच्या टेकडीचे पाणी कोठे जाते, हे प्रश्न कोणताही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन एका दुपारी विचारू शकतो. केंद्रीय बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान परिषदेने १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला आणि पुढे दोनदा सुधारलेला देशाचा आपत्ती-प्रवणता नकाशासंग्रह उपलब्ध आहे. आपला जिल्हा त्यात कोणकोणत्या रंगांत रंगविलेला आहे हे भूगोलाच्या तासाला शिकविले जावयास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट म्हणजे गवंड्याचे शिक्षण. या देशातील बहुसंख्य घरे अभियंत्याच्या आराखड्यावाचून, गवंडी आणि मालक यांच्या चर्चेतून उभी राहतात. किल्लारीनंतर हजारो घरे दुरुस्त होताना स्थानिक कारागिरांच्या हाती जे कौशल्य आले, ते टिकविण्याची आणि पुढच्या पिढीकडे पोचविण्याची व्यवस्था व्हावयास हवी. घरकुलाचे अनुदान आणि बँकेचे कर्ज यांचा हप्ता सोडताना जोते, मधला पट्टा आणि छपराची बांधणी या तीन टप्प्यांवर जागेवर जाऊन पाहणी झाली, तर थोड्या खर्चात फार मोठे काम साधेल. जो गवंडी हे काम नीट करतो त्याला प्रमाणपत्र आणि थोडा अधिक दर मिळाला, तर न दिसणाऱ्या सळईलाही बाजारात किंमत येईल.

माळवद घालणाऱ्या पूर्वजांनी आपल्या अनुभवात आलेल्या सर्व शत्रूंचा हिशेब केला होता. जो शत्रू त्यांना ठाऊक नव्हता त्याने त्यांच्या वंशजांचा घात केला. आजच्या पिढीला तशी सबब नाही. तिच्याजवळ नकाशे आहेत, मानके आहेत, कोयना, किल्लारी, भूज, महाड, चिपळूण यांचा अनुभव आहे. घर बांधणे याचा अर्थ छप्पर भिंतीला, भिंत जोत्याला आणि जोते जमिनीला जखडणे असा आहे, हे तिला ठाऊक आहे. पुढच्या वेळी एखाद्या शाळेचे छप्पर मुलांच्या अंगावर पडले किंवा डोक्यावरून उडाले, तर ते निसर्गाच्या खात्यावर लिहिता येणार नाही. त्याची नोंद समाजाच्याच वहीत, आणि तीही नावे बाजूला करावी लागेल.